शिऱ्याचे दोन घास

संयोगिताबाईंना रक्त बघवत नसे. भाजी चिरताना बोटाला जरासं विळीचं पातं लागलं, तरी त्या तोंड दुसरीकडे फिरवून हात पुढे धरायच्या आणि हळद लावायला घरातल्या कुणाला तरी हाका मारत सुटायच्या. अशा बाईने दवाखान्याची मालिका बघायला बसावं, हे आक्रीतच! पण संध्याकाळी देवापुढे दिवा लागला, की इस्लामपूरजवळच्या त्या गावात दुसरं काही का चाललेलं असेना, संयोगिताबाईंच्या सोप्यातल्या टीव्हीवर डॉक्टर साईराज हजर असायचे.

बाईंचं मत नाही असा त्या मालिकेचा एकही भाग गेला नसेल.

"ती डॉक्टरीण बघा! आपरेशनला निघालीया आन कानात ही एवढी झुमकी. एखादं पडलं म्हंजी पेशंटच्या पोटात?"

"अगं, नाटक हाय ते," शेजारी बसलेले त्यांचे यजमान म्हणायचे. हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. त्यांना मालिकेचं काही नव्हतं, पण बायकोची बडबड ऐकायला ते रोज न चुकता बसत.

"नाटक आसू दे की. पेशंट अजून शुद्धीवर न्हाई आन ह्यांची प्रेमं सुरू! आन ती नातेवाईक बघा, डॉक्टरच्या अंगावर कशी धावून जात्यात. आमी असतो तर एकेकाला गचांडी धरून भाईर काढलं असतं."

हा सगळा तोरा डॉक्टरच्या हातात सुरी येईपर्यंत. सुरी दिसली, की पदर डोळ्यांवर! "आवाज बंद करा! बंद करा म्हणते ना!" हंबीरराव मुकाट्याने आवाज बंद करत. मग पदराआडून चौकशी सुरू व्हायची, "झालं का? शिवलं का?" हंबीरराव कधी खरं सांगत, तर कधी मुद्दाम आधीच "झालं" म्हणत. मग बाई पदर काढायच्या आणि किंचाळायच्या.

तर अशी अर्धी मालिका पदराआड घालवून बाईंनी डॉक्टरकी मात्र पुरती मिळवली होती. गल्लीतल्या बायका गुडघ्यापासून पित्तापर्यंत सगळं त्यांना विचारत, आणि बाईही न अडखळता सांगत.

घर म्हटलं तर एक होतं, म्हटलं तर दोन. अंगण एक, तुळस एक, चुली दोन. एका बाजूला थोरले हंबीरराव आणि संयोगिताबाई, दुसऱ्या बाजूला धाकटे विश्वजीत आणि त्यांची बायको रेश्मा. विश्वजीत साखर कारखान्यात नोकरीला. वाटण्या झाल्या तेव्हा शेताची झाली, भांड्यांची झाली आणि आपल्याकडे होते तशी आईच्या जेवणाचीही झाली. सकाळचं थोरलीकडे, संध्याकाळचं धाकटीकडे. दोघी सुना सासूबाईंना आत्या म्हणत.

वाटण्या झाल्यापासून संयोगिताबाईंच्या डोक्यात एकच भुंगा होता. आत्या तिकडे काय जेवल्या? किती जेवल्या? सकाळी ताट वाढताना त्या सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "काल तिकडं काय हुतं?"

मनुबाई, म्हणजे त्यांच्या सासूबाई, मुरलेल्या बाई. "हुतं की, आमटी-भाकरी," एवढंच सांगायच्या. धाकटीच्या आमटीला थोरलीपुढे कधी नावं ठेवली नाहीत आणि कधी वाखाणलीही नाही. दोन्ही घरी सारखीच अर्धी भाकरी जास्त खायच्या. म्हातारपणी जेवणाऱ्यालाच तारेवरची कसरत करावी लागते, ही आपल्या घराघरांतली गोष्ट आहे. आपण ती बोलत नाही, इतकंच.

एके दिवशी मनुबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांगलीला न्या, ऑपरेशन करावं लागेल. गाडी केली आणि सगळं घर सांगलीला गेलं.

संयोगिताबाई वॉर्डात शिरल्या त्याच मुळी हुकूम सोडत. "खाट खिडकीकडं घ्या. ते सलाइन नीट चालू हाय का? थेंब लय सावकाश पडतोय." एवढं म्हणून त्या वळल्या, तर शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला रक्त चढत होतं. लालभडक पिशवी, त्यातून खाली आलेली नळी. बाईंनी ते पाहिलं आणि त्या जागेवर कोसळल्या.

त्यांना बाकावर निजवलं, साखरपाणी पाजलं. मनुबाईंना बघायला आलेल्या भावकीतल्या माणसांनी आधी थोरल्या सुनेलाच बघून घेतलं. "पेशंट कोण आन आडवं कोण!" असं म्हणून कुणीतरी हसलं. तेवढंच बाईंना ऐकू आलं. संध्याकाळी त्या घरी परतल्या आणि आत्यांजवळ राहिली रेश्मा.

इथून खरं दुखणं सुरू झालं. मनुबाईंचं खुब्यात आणि संयोगिताबाईंचं पोटात!

साखर जास्त निघाली, ती खाली येईपर्यंत ऑपरेशन थांबलं. रोज गावातून माणसं सांगलीला जात. मनुबाईंना भेटून परत येताना वाटेत संयोगिताबाईंच्या अंगणात टेकत. बाई चहा ठेवत, आणि चहा पिता पिता लोक बोलत ते रेश्माबद्दल.

"काय बाई सेवा करतीया! म्हातारीचं समदं हातानं काढती. नाक मुरडत न्हाई."

"सून असावी तर अशी."

"पोटची लेकबी एवढं करायची न्हाई!"

चहा थोरलीचा आणि कौतुक धाकटीचं! बाई कप उचलायच्या आणि घासायला घेतले की इतक्या जोरात आपटायच्या, की दोन-तीन कपांचे कान गेले.

मग भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. खाटेवर मनुबाई बसलेल्या आणि मागे बसून रेश्मा त्यांची वेणी घालतेय. खाली लोकांनी हात जोडले होते, फुलं वाहिली होती. कुणी लिहिलं होतं, "अशी सून सर्वांना मिळो." संयोगिताबाईंनी दोन बोटांनी तो फोटो ताणून ताणून मोठा केला.

"बघा, बघा! हात येणीत हायती, पण नजर कुठं हाय? कॅमेऱ्याकडं!"

"अगं, फोटो काढणाऱ्यानं हाक मारली आसंल," हंबीरराव म्हणाले.

"तुमी तिचीच बाजू घ्या. मला रगात बघवत न्हाई, हा माजा गुन्हा हाय? इतकी वर्सं सकाळची ताटं कुणी वाढली? त्याचा कुणी फोटो काढला का?"

यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते जास्त जळत होतं. मत्सराचं असंच असतं. त्याच्या मुळाशी कुठेतरी एक खरी गोष्ट असते, आणि माणूस ती खरी गोष्ट धरून भलतीकडे चालत जातो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी रेश्माचा फोन आला. "अक्का, उद्या सकाळी आपरेशन हाय. रातीपासनं आत्यास्नी काय खायाला द्यायचं न्हाई म्हणलेत. पाणीसुदीक न्हाई."

"पाणीबी न्हाई? का म्हणून?"

"नियम हाय म्हणं त्यांचा."

का, ते रेश्मालाही ठाऊक नव्हतं. तिने विचारलं नव्हतं आणि कुणी फोड करून सांगितलंही नव्हतं. आपल्याकडे डॉक्टर नियम सांगतात, आपण मान हलवतो आणि कारण दोघांच्या मधेच राहून जातं.

भावकीतल्या एक काकी तेव्हा अंगणातच होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "आपरेशनला जायाचं माणूस, आन रिकाम्या पोटी? अंगात ताकद नगो व्हय? अरं देवा, दोन सुना आसून म्हातारी उपाशी!"

ते शेवटचं वाक्य संयोगिताबाईंच्या काळजात रुतलं. सासू उपाशी! सुनेला याहून मोठा डाग कोणता? आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोला, त्यांच्या मनात एक गोड उकळीही फुटली. सेवा केली रेश्माने, वेणी घातली रेश्माने. पण ऐन वेळी पोटाला दिलं ते थोरलीने! हे तर कुणी नाकारणार नव्हतं.

पहाटे उठून त्यांनी शिरा केला. साजूक तूप सढळ हाताने, वर बेदाणे, वेलदोड्याची पूड. मनुबाईंना शिरा जिवापाड आवडे. साखरेचं दुखणं कळल्यापासून तो बंदच होता. आज मात्र बाईंना कुठलीच बंदी आठवली नाही.

"डब्यात काय?" एसटीत बसताना हंबीररावांनी विचारलं.

"रेश्माला खायला," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

सांगलीला पोचल्यावर हंबीरराव आणि विश्वजीत सह्या करायला खाली गेले. रेश्मा अंघोळीला गेली होती. मनुबाई एकट्याच खाटेवर, डोळे मिटून. उशाशी पाटी लावलेली होती, 'तोंडाने काहीही देऊ नये'. संयोगिताबाईंना वाचता येत होतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि पाटीकडे पाठ करून बसल्या.

"आत्या, डोळं उघडा. तुमच्या आवडीचा शिरा आणलाय."

मनुबाईंनी आधी डब्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "अगं, खायाचं न्हाई म्हणलीत ती."

"कोण म्हणलं? रेश्मा?"

त्या एका नावात सगळं होतं. सकाळची ताटं होती, संध्याकाळची आमटी होती, ताणून बघितलेला फोटो होता. मनुबाईंनी थोरलीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. झोप न झालेले डोळे, तुपाचा वास येणारा पदर. त्यांनी तोंड उघडलं.

एक घास. दुसरा घास. तिसऱ्याला त्यांनी हात आडवा धरला. "बास गं. पोट भरलं."

तेवढ्यात सिस्टर आल्या. संयोगिताबाईंनी डबा झटकन पिशवीत घातला आणि पदराने आत्यांचं तोंड पुसलं.

"आजी, रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

"न्हाई बाई," मनुबाई म्हणाल्या.

काय आनंद झाला संयोगिताबाईंना! आत्या आपल्यासाठी खोटं बोलल्या! त्यांचं नि माझं गुपित आहे, आणि ते रेश्माला माहीत नाही! थोड्या वेळाने भूल देणाऱ्या डॉक्टर प्रियदर्शनी येऊन गेल्या. त्यांनीही तेच विचारलं आणि मनुबाईंनी तेच सांगितलं. मनुबाईंच्या पाठीला जुना बाक होता, म्हणून कमरेत सुई न देता पूर्ण भूल द्यायचं ठरलं होतं. मग ढकलगाडी आली. ओल्या केसांची रेश्मा धावत आली आणि आत्यांचा हात धरून शेवटच्या दारापर्यंत गेली. संयोगिताबाई मागून चालल्या होत्या, पण आज त्यांना त्याचं काही वाटलं नाही. आजचा डाव त्यांनी जिंकला होता.

रेश्मा आणि विश्वजीत औषधं आणायला गेले. बाई आणि हंबीरराव बाहेरच्या बाकावर बसले. बाईंना बोलल्याशिवाय राहवेना.

"ही रीत बघा ह्यांची! म्हातारं माणूस, आन पाण्याचा थेंब न्हाई. उपाशी ठेवत्यात म्हणूनच माणसं दगावत्यात. आपल्या मालिकेत न्हाई का तो पैलवान गेला? चांगला रेड्यासारखा गडी. त्या झुमकेवालीनं हयगय केली आन गेला."

"हयगय?" हंबीरराव हसले. "कुणाची हयगय? त्या पैलवानानं आपरेशनच्या आदी गुपचूप केळी खाल्ली हुती."

"केळी?"

"मग? भूल दिल्यावर माणसाला कशाची शुद्ध ऱ्हात न्हाई. खोकला न्हाई, ठसका न्हाई. पोटातलं वर येतं आन थेट फुप्फुसात उतरतं. श्वासच बंद. डॉक्टरनं लय खटपट केली, पण गेला. समदं दाखवलं की त्यात!"

"मला कसं दिसलं न्हाई?"

"तू पदर घिऊन बसलीवतीस. आन आवाज बंद करायला तूच लावलावतास." हंबीररावांनी पाय लांब केले. "फौजेतबी आमी बघितलंय. एका जवानानं आपरेशनच्या आदी च्या पिला आन सांगिटलं न्हाई. लय दिवस मशिनीवर हुता बिचारा. म्हणून तर ते इचारत्यात, काय खाल्लं का, काय खाल्लं का. सतरा बारी इचारत्यात."

संयोगिताबाईंच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत डबा होता. डबा अजून कोमट होता.

दोनच तर घास! दोन घासांनी काय होणार आहे? पण सांगायचं म्हटलं तर कुणाला सांगायचं? आता रेश्मा येईल, तिच्यासमोर? लोक काय म्हणतील? एक सून रात्रंदिवस राबली आणि दुसरी शिरा भरवून गेली! ग्रुपवर काय काय येईल! गप्प बसलं तर कुणाला कळणार आहे? आत्या स्वतःच नाही म्हणाल्यात.

आणि आत्या परत आल्याच नाहीत तर?

बाई उठल्या.

"कुठं निघालीस?" हंबीररावांनी विचारलं. त्या चालू लागल्या. लांब बोळ होता. मधेच एका माणसाला गाडीवरून नेत होते, डोक्याचं बँडेज रक्ताने भिजलेलं. बाईंचा हात सवयीने पदराकडे गेला, पण डोळे झाकले तर पळता कसं येणार? त्यांनी ते रक्त उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच्या बाजूने त्या पुढे पळाल्या. दारावर 'आत येऊ नये' लिहिलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी दार बडवलं.

"थांबा! थांबा वो! म्हातारी उपाशी न्हाई! मी खायला घातलंय! माज्या आत्यास्नी काय करू नगासा!"

दार उघडलं. डॉक्टर प्रियदर्शनी बाहेर आल्या. तोंडावर मास्क, कपाळावर आठ्या.

"काय दिलंत?"

"शिरा. दोन घास. तासभरसुदीक झाला नसंल."

डॉक्टरांनी मास्क खाली केला आणि मोठा श्वास सोडला. "औषध सुईत भरून तयार होतं, बाई." त्या भिंतीला टेकल्या. "आजींना मी स्वतः विचारलं होतं. नाही म्हणाल्या."

"माज्यासाठी खोटं बोलल्या त्या!" एवढं बोलून संयोगिताबाई दारातच खाली बसल्या आणि ओक्साबोक्शी रडू लागल्या.

"तुमच्याकडे हेच नेहमी होतं," डॉक्टर म्हणाल्या. आवाजात राग होता, पण त्यांनी हात धरून बाईंना उठवलं. "पेशंटला काय झालंय ते सांगता, काय केलंय ते लपवता. आम्ही का पोलीस आहोत? कुणी काय खाल्लं यावरून आम्ही भांडण करणार नाही. आम्हाला फक्त माणूस परत द्यायचं असतं." मग त्यांचा आवाज खाली आला. "का उपाशी ठेवतो, हे तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. ते आमच्याकडून राहिलं. आता ऑपरेशन उद्या. आजचा दिवस त्यांना दुखणं काढावं लागेल."

मनुबाईंना पुन्हा वॉर्डात आणलं. रेश्मा औषधांची पिशवी घेऊन आली आणि तिला सगळं कळलं. तिचा चेहरा लाल झाला.

"अक्का, तुमाला काय वाटलं हो? आत्यास्नी काय झालं असतं म्हंजी कुणाच्या गळ्यात पडलं असतं? हितं रात्रंदिस मी! लोक म्हणलं असतं, रेश्माचं लक्ष नव्हतं. माजं दोन लोकांनी बरं म्हणलेलं एवढं खुपलं तुमाला?"

संयोगिताबाईंनी मान वर केली. आता झाकायला उरलं काय होतं?

"व्हय. खुपलं. लय खुपलं. लोक माजा च्या पीत हुतं आन तुजं गुण गात हुतं. जळत हुते मी."

रेश्माने औषधांची पिशवी खाली ठेवली. मग खाटेच्या कडेला बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आन मी काय सुखात हुते व्हय? दुखण्याच्या गुंगीत आत्या रातभर 'थोरले, च्या दे, थोरले, च्या दे' म्हणत हुत्या. हागणं-मुतणं मी काढायचं आन हाका तुमाला! म्या बी जळत हुते, अक्का."

हंबीरराव आणि विश्वजीत खिडकीकडे तोंड करून उभे होते. अशा वेळी पुरुषांना खिडकीबाहेर नेहमी काहीतरी महत्त्वाचं दिसतं.

"झालं तुमचं?" मनुबाई खाटेवरून म्हणाल्या. खुब्यात कळा येत होत्या, तरी आवाज खणखणीत होता. "आता माजं ऐका. मी कोण हाय? शर्यतीतलं निशाण हाय व्हय, की आदी कोण शिवतंय बघू? माजं हाड मोडलंय गं पोरींनो. मला दुखतंय. हितं मला कौतुक नगं, आराम पायजे."

"चुकलं, आत्या," संयोगिताबाई म्हणाल्या.

"तुजंच चुकलं न्हाई. माजंबी चुकलं. मला ठावं हुतं, खायाचं न्हाई म्हणून. पण तुजं तोंड बघितलं. न्हाई म्हणले असते तर तुला वाटलं असतं, धाकटीनं शिकवून ठेवलंय. म्हणून खाल्लं. आन सिस्टरनं इचारलं तवा खोटं बोलले. का? थोरलीची अब्रू राखायला! जीव गेला तरी चालंल, पण सुनंची अब्रू जाऊ नये. ही माजी अक्कल! एवढी वर्सं दोन्ही घरी अर्धी अर्धी भाकरी जास्त खात आले, कुणाला वाईट वाटू नये म्हणून. त्यानंच साखर वाढली आसंल माजी." त्यांनी आळीपाळीने दोघी सुनांकडे पाहिलं. "आजपासनं ते बंद. भूक आसंल तर खाईन. नसंल तर ताट सारीन. जिला राग यायचा तिला यिऊ दे."

त्या संध्याकाळी संयोगिताबाईंनी रेश्माला घरी पाठवलं. "जा, नीट झोप घे. मी बसते."

"तुमाला जमंल? इंजेक्शन आसतंय अजून."

"पडले तर बाक हाय की तिथं."

इंजेक्शनच्या वेळी बाईंनी भिंतीकडे बघितलं. पण आत्यांचा हात सोडला नाही, आणि "झालं का?" असं त्यांनी एकदाच विचारलं. भांडं दिलं, अंग पुसलं. दोनदा बाहेर जाऊन तोंड धुऊन आल्या. रेश्माने इतके दिवस हे कसं केलं असेल, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदा आला, आणि त्या विचाराने काही जळलं नाही. उलट जरा थंड वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्मा परत आली, आणि तिच्या मागोमाग काकी हजर! हातात पेजेचा डबा.

"कालचं कळलं बाई. पण आज तरी तिला दोन घोट पेज..."

संयोगिताबाई स्टुलावरून उठल्या आणि वाटेत उभ्या राहिल्या. "काकी, डबा हिकडं द्या. रेश्मा खाईल, मी खाईन. आत्यास्नी थेंब मिळणार न्हाई."

"अगं, लोक काय म्हणतील? दोन सुना आसून..."

"म्हणू द्या! लोकांस्नी म्हणावं, थोरलीला इचारा. का उपाशी ठेवलंय ते मी सांगते." आणि त्यांनी तिथेच, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात, भूल म्हणजे काय आणि पोटातलं फुप्फुसात कसं जातं, हे काकींना समजावलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या लेकाने हातातलं बिस्कीट हळूच परत पुड्यात ठेवलं.

ढकलगाडी आली. एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला धाकटी, मधे मनुबाई. दारात डॉक्टर प्रियदर्शनी उभ्याच होत्या.

"आजी, आज खरं सांगायचं हं. काही खाल्लंय?"

मनुबाईंनी मान वळवून आधी इकडे बघितलं, मग तिकडे. आणि सगळ्या बोळात ऐकू जाईल अशा ठसक्यात म्हणाल्या, "कुठलं खाणं, बाई! दोन दोन सुना हायती. दोघींनी मिळून उपाशी ठेवलंय मला!"

डॉक्टर हसल्या, सिस्टर हसल्या. दोघी जावा मात्र हसता हसता रडू लागल्या. दार बंद झालं. दुपारी ते उघडलं आणि मनुबाई सुखरूप बाहेर आल्या.

मंडळी, आपण माणसाला ताटाने जीव लावतो. ते वाईट नाही, ती आपली रीतच आहे. पण दवाखान्यात डबा उघडण्याआधी सिस्टरांना विचारा. कारण कळलं नाही तर डॉक्टरांना पुन्हा विचारा, त्यात कमीपणा नाही. आणि चूक झालीच असेल, तर जो समोर असेल त्याच्या देखत, ज्याच्याशी पटत नाही त्याच्याही देखत, सांगून टाका! आजाऱ्यावर कुणाची माया जास्त, याचा निकाल लावायचा तर तो बरा होऊन घरी आल्यावर लावा. लाज चार दिवसांत विरते, पण गेलेलं माणूस परत येत नाही.